खाच

उत्तम शुक्रवार. बारा ते तीन, सात उद्गारांची उपासना.
बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं,
पत्र्यावर कावळाही पाय टेकत नव्हता.
पाळकसाहेब म्हणाले, वधस्तंभ म्हणजे खंडणी.
मी अकरा वर्षांची. मनातल्या मनात हिशेब:
कुणी दिली? कुणाला? पावती कुठाय?
पंखा फिरत होता, वारा नव्हता.

आप्पा चर्चला आले नव्हते.
आदल्या रात्री सुमंत खरात वारले,
आणि सोलापूरच्या एप्रिलात
माणूस फार वेळ ठेवता येत नाही.

सुमंत खरात, गिरणीतले जॉबर.
संपाच्या साली साहेबाच्या टेबलावर
त्यांनी एक यादी ठेवली.
तिसरं नाव: शांतवन भंडारे.
मी जन्मायच्या आधीची गोष्ट,
पण भोंगा वाजला की आमच्या घरात
अजून कुणी कुणाकडे बघायचं नाही.
आईनं सूप मांडीवर घेतलं, तेंदूची पानं कातरली.
तिच्या प्रार्थनेला तंबाखूचा वास यायचा.
आप्पांनी पटाशी उसनी आणली,
शेजाऱ्यांना पाट, चौरंग,
मेलेल्यांना पेट्या.

बारा वर्षं ते दोघे
एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले.
प्रभुभोजनाचं ताट आलं की
मधल्या माणसाच्या हातात द्यायचे,
बोटाला बोट लागू नये म्हणून.

सकाळी खरातांचा उल्हास दाराशी आला.
चप्पल काढली, परत घातली. आत आला नाही.
"क्रूस पाहिजे होता, काका."
आप्पांनी एवढंच विचारलं,
"नाव पूर्ण लिहायचं का?"

मी साडेतीनला परतले तर अंगणात
अंबय्याच्या मोडलेल्या मागाचं सागवान.
मागच्या महिन्यात किलोवर घेतलेलं,
माझ्या टेबलासाठी.
त्यावर सुतानं पाडलेल्या बारीक रेघा,
अंबय्याच्या बापापासूनच्या.
रंध्यानं त्या गेल्या असत्या.
आप्पांनी तेवढ्या भागावर रंधा फिरवला नाही.

"ते माझं टेबल आहे."
"धर जरा इकडनं."
मी धरलं. रडतच धरलं.
कानावरची पेन्सिल काढून त्यांनी रेघ मारली.
"आडव्यातलं अर्धं काढायचं, उभ्यातलं अर्धं.
मग दोन्ही एका पातळीत बसतात.
नुसतं एकावर एक ठोकलं
तर सगळा भार खिळ्यावर. गंजला की संपलं."

"पण यादी तर त्यांनी दिली होती."

पटाशी थांबली.
पलीकडच्या गल्लीतले यंत्रमाग तेवढे
खटक-खटक, खटक-खटक.
आप्पांनी मनगटानं कपाळ पुसलं,
भुसा घामाला चिकटला.
"आता त्यांच्याच्यानं काय होणार?
म्हणून दोन्ही खाचा मीच पाडतोय."

आणि खाली वाकून पाडू लागले.
रागातच पाडत होते, हे मला दिसत होतं.
एकदा पटाशी घसरली, अंगठा फाटला,
तेव्हा तोंडातून जी शिवी गेली
ती त्या दिवशी त्या वारी जायला नको होती.

दफनाला आम्ही मागे उभे राहिलो.
आप्पांनी क्रूस रोवला, पायानं माती दाबली,
गीत सुरू व्हायच्या आत फाटकाबाहेर.
उल्हासनं शंभराची नोट पुढे केली.
वॉर्निशचे चाळीस घेतले, साठ परत.
पावती कुणी मागितली नाही.

मी दहावीपर्यंत जमिनीवर बसून अभ्यास केला.
या विषयावर आप्पा पुन्हा कधी बोलले नाहीत.
मीही बरीच वर्षं त्यांना माफ केलं नव्हतं.

परवा आईच्या कबरीवर फुलं ठेवून
उगाच त्या बाजूला गेले.
वॉर्निश उडालंय. नावातला अनुस्वार गेलाय.
क्रूस थोडा पूर्वेकडे कललाय,
उन्हानं लाकूड राखाडी,
आणि त्या सुताच्या रेघा आता जास्तच स्पष्ट.
सांध्यात नख घालून पाहिलं.
शिरत नाही.